‘दीर्घ श्वास घे’ म्हणायच्या आधी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण मुलांचं टेन्शन, योगासनं आणि श्वास या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतूनच. सगळी छापणं शक्य नाही. नावं काढून टाकलीत, काही पत्रं कापून छोटी केलीत. मी मुलांना योग शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे सरळ तसं लिहिलंय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा चौथीत आहे. आम्ही कासारवडवलीला राहतो, स्कूलबस ६:४० ला येते. गेले काही महिने रोज सकाळी त्याच्या पोटात दुखतं, रविवारी रात्रीपासूनच चालू होतं आणि शनिवारी मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी सोनोग्राफीपर्यंत सगळं केलं, काही निघालं नाही. सासूबाई म्हणतात नाटकं करतो. मी त्याला सकाळी उठल्या उठल्या अनुलोम-विलोमला बसवते पण त्यावरून आमची भांडणंच होतात. काय करू?

उत्तर : नाटकं नाहीत ही, आधी सासूबाईंच्या कानावर घाला, तुम्हाला जमेल तसं. टेन्शन आलं की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचनाचं काम मागे पडतं, आतडी आवळतात. नऊ वर्षांच्या मुलाला ‘मला कसलीतरी धास्ती वाटतेय’ असं काही सांगता येत नाही, त्याला फक्त पोटात दुखतंय एवढंच कळतं. आणि ते खरंच दुखत असतं. मात्र रात्री झोपेतून दुखण्याने उठत असेल, वजन कमी होत असेल, शीतून रक्त, सारख्या उलट्या किंवा ताप असेल तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गप्प बसू नका, परत दाखवा.

आता सकाळचं. डबा भरायचाय, बुटाची लेस सुटलीय, बस चुकली तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून स्वतः सोडायला जावं लागणार, आणि अशात तुम्ही त्याला सांगताय की उजवी नाकपुडी बंद कर, पाठ ताठ ठेव, चुकलं, परत कर. त्याच्यासाठी हा शाळेच्या आधीचा पहिला तास झाला! सकाळचं एकदम बंद करा. रात्री दिवे मालवल्यावर करा, आणि त्याला ‘योगा’ वगैरे म्हणू पण नका.

झोपूनच करायचं. त्याला स्वतःच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायला सांगा. ठोके सापडायला वेळ लागतो, घाई करू नका, सापडल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग नाकाने आरामात श्वास घ्यायचा, मनात तीनपर्यंत मोजून, आणि गरम चहा फुंकतो तसे ओठ करून हळू सोडायचा, पाचपर्यंत. असं पाच-सहा वेळा, लक्ष मात्र ठोक्यांवर. श्वास घेताना ठोके जरा भराभर येतात आणि सोडताना रेंगाळतात, लहान मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा चांगला ठळक लागतो हाताला. माझ्या वर्गात हे सापडलं की ‘टीचर, स्लो झालं, स्लो झालं’ म्हणून एकच गलका होतो. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत व्हेगस नावाची एक नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) जाते, श्वास सोडताना तिचा हृदयावरचा ताबा वाढतो आणि ठोके मंदावतात, बाकी यात जादू काही नाही. म्हणून मी मुलांना श्वास किती घेतला हे विचारतच नाही, किती सावकाश सोडला तेवढंच बघते. अनुलोम-विलोम वाईट नाही हो, पण बोटं, नाकपुड्या, डावं-उजवं यात मुलाचं निम्मं डोकं अडकतं, ते नंतर कधीतरी.

तुम्ही पण शेजारी पडून करा. आपण ओट्यावरून ‘केलं का रे’ विचारायचं आणि त्याने एकट्याने करायचं, हे चौथीतल्या मुलाला दोन दिवसांच्या वर चालत नाही.

आणि कारण शोधा ना. बसमध्ये शेजारी कोण बसतं? शाळेचं टॉयलेट घाण म्हणून दिवसभर दाबून ठेवतो का (हे किती मुलं करतात याची पालकांना कल्पना नसते)? कुठल्या तासाला बोर्डवर बोलावतात? ‘आज शाळेत काय झालं’ विचारलं तर ‘काही नाही’ हेच उत्तर मिळणार, त्यापेक्षा लिफ्टमध्ये किंवा तुम्ही पोळ्या लाटताना सहज विचारा की सगळ्यात बोअर तास कुठला. श्वासाने पोट सैल होईल, पण बसमध्ये त्रास देणारा कोणी दादा असेल तर तो काही त्याने सरळ होणार नाही, त्यासाठी तुम्हालाच शाळेत जावं लागेल.

प्रश्न : मी निवृत्त असून वय ६८ आहे. खारघरला मुलाकडे राहतो. रोज पहाटे टीव्हीवर बघून कपालभाती व भस्त्रिका करतो. सहा वर्षांचा नातूही शेजारी बसून करतो, त्याला छान जमते. सूनबाईंचा विरोध आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : आजोबा, नमस्कार. सूनबाईंचं बरोबर आहे, पण नातू पहाटे उठून तुमच्या शेजारी बसतो ही गोष्ट मात्र मोडू नका, ते भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

कपालभाती आणि भस्त्रिका हे जोराने, भराभर करायचे प्रकार. सहा वर्षांच्या मुलाला त्याची काही गरज नाही, चक्कर येते, डोकं हलकं होतं, आणि मुलं त्यात लगेच स्पर्धा लावतात. श्वास कोंडून धरणंही नको. त्याऐवजी दोघांनी भ्रामरी करा, कानावर हात ठेवून भुंग्यासारखा आवाज, कोणाचा लांब चालतो ते बघा, ही स्पर्धा चालेल कारण यात श्वास आपोआप सावकाश सुटतो. मग मार्जारासन (मांजरासारखी पाठ वर-खाली), शशांकासन (गुडघे दुमडून बसून पुढे वाकणं), ताडासन (ताठ उभं राहून हात वर). वृक्षासनाला, म्हणजे एका पायावर उभं राहताना, नजर एका जागी खिळवावी लागते, तुमच्याकडे तर खिडकीतून पांडवकड्याचे डोंगर दिसत असतील, त्यातला एखादा सुळका धरा. सगळं मिळून पाच-सात मिनिटं, कंटाळला की बास.

आणि आता तुमच्याबद्दल. बीपी, हर्निया, काचबिंदू यातलं काही असेल तर कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजून बघायला लागले. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी तपासून घेतलं, मग आपण टीव्हीवर दाखवलं म्हणून का करावं?

प्रश्न : ताई मी दहावीत आहे, ऐरोलीला राहते, क्लास ठाण्याला आहे. प्रिलिममध्ये सायन्सचा पेपर हातात आला आणि सगळं ब्लँक झालं. छाती धडधडत होती, हाताला मुंग्या, ओठ पण बधिर झाले. सुपरवायझर मॅम म्हणाल्या डीप ब्रीद घे, मी खूप मोठे मोठे श्वास घेतले पण अजूनच गरगरायला लागलं. मला काही झालंय का? बोर्डात परत असं झालं तर?

उत्तर : तू लिहिलंयस ते वाचून तरी हे घाबरल्यावर श्वास जास्त झाल्याचं लक्षण दिसतंय. हो, जास्त. लोकांना वाटतं घाबरलेल्या माणसाला ऑक्सिजन कमी पडतो, पण तुझ्या रक्तात ऑक्सिजन भरपूर होता. भराभर आणि मोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं म्हणून बोटांना आणि ओठांना मुंग्या, आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या जराशा आकसतात म्हणून गरगर. मॅमचा हेतू चांगला होता, पण ‘डीप ब्रीद’ ऐकलं की आपण सगळे छाती फुगवून हवा ओढतो आणि सोडायचं विसरतो. (कागदी पिशवीत श्वास घ्यायचं कोणी सुचवेल, ते करू नको.)

परत झालं तर काय करायचं ते सांगते. पेपर उलटा ठेव. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकव, चपला-बूट जमिनीला लागलेले जाणवले पाहिजेत. आणि आधी श्वास सोड. घ्यायचा नाही, सोडायचा, खांदे खाली पडेपर्यंत. मग तोंड बंद करून नाकाने छोटासाच घे, अगदी रोज घेतो तेवढाच, आणि परत लांब सोड. सहा-सात वेळा. याला साधारण एक मिनिट लागतं, सायन्सच्या एका पेपरला दोन तास असतात, त्यातलं एक मिनिट गेलं तर काही बिघडत नाही. मुंग्या लगेच जाणार नाहीत, त्या राहू दे, त्यांच्याकडे बघत बसू नको. पेपर सुलटा कर आणि पहिल्या प्रश्नातले पर्याय निवडायचे एक-एक मार्काचे असतात तिथून सुरू कर, पेन चाललं की डोकं मागून येतं.

पण हे बोर्डाच्या दिवशी पहिल्यांदा करून चालणार नाही. रोज ट्रेनमध्ये कर, ऐरोली ते ठाणे तशी पण दहा मिनिटं मोबाइलच बघतेस ना? घरी वेळ लावून जुना पेपर सोडवतेस तेव्हा सुरू करायच्या आधी कर. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास आला, त्यात नाकाने श्वास, त्यावर अजून एक छोटा श्वास आणि मग तोंडाने लांब उसासा, असं रोज पाच मिनिटं महिनाभर केलेल्यांचा मूड ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला होता. अर्थात ती सगळी मोठी माणसं होती, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर नव्हता. पण त्यातला लांब उसासा तुझ्याही उपयोगाचा आहे.

आईला एक सांग की एकदा डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घे, धडधड आणि चक्कर त्यानेही येते. आणि हे परीक्षा नसतानाही व्हायला लागलं, किंवा चक्कर येऊन पडलीस, तर लगेच दाखवायचं.

प्रश्न : मी नेरूळच्या एका शाळेत सहावी-सातवीला शिकवते. वर्गात ५५ मुलं. यंदा मॅनेजमेंटने रोज पहिल्या तासाला दहा मिनिटं ‘माइंडफुलनेस’ सुरू केलंय, डोळे मिटून शांत बसायचं. मुलं चाळवाचाळव करतात, काही हसतात, दोघी-तिघी तर डोळे मिटले की रडकुंडीला येतात. याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : खरं सांगायचं तर असं सरसकट सगळ्या वर्गाला एकदम बसवून फार हाती लागत नाही. ब्रिटनमध्ये यावर मोठा प्रयोग झाला, ऐंशीपेक्षा जास्त शाळा, अकरा ते चौदा वयाची आठ हजारांहून जास्त मुलं, शिक्षकांना रीतसर ट्रेनिंग देऊन. २०२२ मध्ये निकाल आले, तर शाळेत नेहमी भावना-वागणूक याबद्दल जे शिकवतात त्यापेक्षा माइंडफुलनेसचा जास्त फायदा दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता, त्यांना ते कंटाळवाणं वाटलं. म्हणजे श्वास कुचकामी आहे असं नाही, पण बारा वर्षांच्या मुलाला स्वतःला हवंसं वाटल्याशिवाय ते रुजत नाही हे तुमच्या ५५ जणांनी तुम्हाला आधीच दाखवलंय.

तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं बदला. दहाऐवजी दोन मिनिटं. डोळे मिटायची सक्ती काढून टाका, आजच. काही मुलांना डोळे मिटले की नको त्या गोष्टी आठवतात, घरात काय चाललंय आपल्याला माहीत नसतं, अशा मुलांनी बाकावरच्या एखाद्या ओरखड्याकडे बघत बसलं तरी चालतं. आणि जी मुलगी रडकुंडीला येते तिला नंतर एकटीला गाठून ‘बरी आहेस ना’ एवढं विचारा, सगळ्यांसमोर नाही.

बसून राहण्यापेक्षा आधी उभं करा. बाकाशेजारी ताडासन, हात वर घेताना श्वास, खाली आणताना लांब सोडायचा, चार-पाच वेळा. चाळवाचाळव करणाऱ्या मुलांना आधी अंग हलवू दिलं की मग बसतात. त्यानंतर मी ऐकायचा खेळ घेते, एक मिनिट गप्प राहून कोणाला किती आवाज ऐकू आले. तुमच्याकडे लोकल जाते तिचा, शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचा, पंख्याचा, कावळ्याचा, कोणाच्या तरी पोटाचा (यावर हसणार, हसू द्या). लक्ष एका जागी आणायचं तर सहावीच्या वर्गासाठी याहून वेगळं काही लागत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते, वर्ग दंगा करायला लागला की ‘चला, सगळे डोळे मिटा, श्वास घ्या’ हे शिक्षा म्हणून वापरू नका. मग मुलांना श्वास म्हटलं की अंगठे धरून उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि मॅनेजमेंटला याचे मार्क द्यायचे असतील, देतील म्हणून सांगते कारण काही ठिकाणी निघालंय तसं, तर माझं नाव सांगून विरोध करा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, आम्ही वर्तकनगरला राहतो. दोन महिने झाले गप्प गप्प असते, डान्स सोडला, मैत्रिणींचे फोन घेत नाही, रात्रभर जागी. मागच्या आठवड्यात आईला म्हणाली, मी नसते तर बरं झालं असतं. ओळखीचे म्हणाले योगाला घाला, मन शांत होईल. डॉक्टरकडे न्यायला मिसेस घाबरते, सोसायटीत कळलं तर काय, असं तिचं म्हणणं.

उत्तर : दादा, तिला योगाला नंतर घालू. आधी डॉक्टर, आणि याच आठवड्यात, अंक हातात पडला त्याच दिवशी फोन लावा.

आज रात्री तिच्याजवळ बसून सरळ विचारा, ‘तुला मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्याने डोक्यात विचार घुसतो हा गैरसमज आहे, विचारल्यावर बहुतेक मुलांना सुटल्यासारखं होतं. ती हो म्हणाली तर ओरडू नका, ‘तुला काय कमी केलं’ हे तर अजिबात नको, ऐकून घ्या, तिला एकटी ठेवू नका, घरातली औषधं, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात टाका आणि त्याच वेळी दवाखान्यात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, १०९८ हा मुलांसाठीचा आहे, तो तिने स्वतः लावला तरी चालतो.

बाकी तुम्ही ठाण्यात आहात. डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून ठाण्यातच आहे, सध्या नौपाड्यात. १९०१ सालचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे नुसती भरती होत नाही, ओपीडीत दाखवून लोक घरी जातात, आपल्याला माहीत नसतं इतकंच. आपण लहानपणापासून ‘ठाण्याला टाका याला’ हा जोक मारत आलोय, तुमच्या मिसेसची भीती तिथूनच आलीय, त्यांचा दोष नाही. पण तो जोक मुलीनेही ऐकलाय, म्हणून तर ती स्वतःहून काही मागत नाहीये. सोसायटीला सांगायची गरजच काय? डोळे तपासायला नेतो तेव्हा कुठे नोटीस लावतो आपण.

उपचार सुरू झाले, झोप लागायला लागली, की मग डॉक्टरांना विचारून आसनं, श्वास, सगळं करू. तेव्हा जरूर लिहा मला.

प्रश्न : मुलाला दमा आहे, वय १०, पंप चालू आहे. प्राणायामाने पंप सुटतो का? (कोपरखैरणे)

उत्तर : नाही, आणि सुटतो म्हणून कोणी सांगितलं तर त्या क्लासला परत जाऊ नका. पंप डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी होतो. श्वासाचा सराव पंपासोबत करायचा, तो अशासाठी की दमा असलेली मुलं जराशी धाप लागली तरी घाबरतात आणि घाबरून श्वास अजून भराभर होतो, तिथे ओठ मिटत आणून सावकाश सोडायची सवय कामी येते. अटॅक आला तर मात्र आधी पंप. सर्दीने नाक बंद असेल त्या दिवशी सुट्टी. धूळ असेल तेव्हा खिडकी लावून घ्या, पहाटे हवा शुद्ध म्हणून गच्चीत नेऊ नका, तुमच्याकडच्या पहाटेच्या हवेला काय वास येतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, वाशी. सोम-बुध अ‍ॅबॅकस, मंगळ-गुरू कीबोर्ड, शुक्र-शनि फुटबॉल, शिवाय रोज ट्यूशन. हल्ली फार चिडचिड करतो, झोपायला साडेअकरा होतात. किड्स योगाचा ऑनलाइन क्लास लावायचाय, एक ध्यानाचं अ‍ॅप पण बघितलंय. कुठल्या वेळेत बसवू?

उत्तर : बसवू नका. त्याच्या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, साडेअकराला झोपून शाळेसाठी सहाला उठत असेल तर साडेसहाच होतात, कोणीही चिडेल. अ‍ॅपचे पैसे वाचवा. यातला एक क्लास काढा, ट्यूशन काढलीत तर फारच छान, आणि त्या संध्याकाळी त्याला सागर विहारला न्या किंवा घरात लोळू द्या. कुठला काढायचा ते त्यालाच विचारा, फक्त फुटबॉल म्हणाला तर दोनदा विचारा, कारण पळून दमणं हा त्याच्या आठवड्यातला एकमेव व्यायाम दिसतोय. झोप दहाच्या आत यायला लागली की आजोबांना सांगितलीय ती भ्रामरी त्याच्याबरोबर करा, अंथरुणातच.